मेघाची एक जून

जरीपटका, नागपूर
१४ ऑगस्ट २०२५

धम्मानंद, जय भीम.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस हे मला ऑनलाइन सेंटरवाल्या विक्कीने सांगितलं. दोन दिवस मी समजत होते की काटोलला टॉवर नसेल. साठीतल्या बाईला ब्लॉक म्हणजे काय ते त्या पोराकडून समजून घ्यावं लागलं, तेही चार गिऱ्हाइकांसमोर. असो. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. तू कामाला लागलास त्या काटोलच्या कोल्ड स्टोरेजचा पत्ताही त्यानेच दिला.

सोमवारी यादी लागली आणि अर्ध्या तासात तू बॅग भरून निघून गेलास. त्या अर्ध्या तासात तू इतका ओरडत होतास की मला एक वाक्य धड पुरं करता आलं नाही. म्हणून आता सावकाश लिहिते. तूही सावकाश वाच.

रेल्वेच्या अप्रेंटिसला परीक्षा नसते. दहावीचे आणि आयटीआयचे मार्क घेऊन सरासरी काढतात आणि वरून खाली यादी लावतात, हे तूच मला आठ वर्षं समजावत आलास. तुझी सरासरी ७१.४०. मेघाचीही ७१.४०. इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या, आपल्या प्रवर्गातल्या शेवटच्या जागेवर तुम्ही दोघं एकदमच येऊन उभे राहिलात. मार्क सारखे असले की ज्याचं वय जास्त त्याला घेतात. कागदावर मेघाचा जन्म १ जून १९९७ चा आणि तुझा २२ ऑक्टोबर १९९७ चा. ती यादीत आली. तू वेटिंगला पहिला.

खरं काय ते दोन्ही घरांना माहीत आहे. तू शहाण्णवचा, मेघा अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीतली. म्हणजे तू तिच्यापेक्षा सव्वा वर्षाने मोठा. तिच्या नामकरणाला तू स्वतःच्या पायांनी चालत गेला होतास आणि तिथे पाळण्यात मला झोपवा म्हणून रडून गोंधळ घातला होतास. तिच्या आईने, मायाने, तुला झोपवलंही होतं.

तू म्हणतोस, आई, तू तिची पहिलीची मॅडम होतीस, मेघाची तारीख खोटी आहे असं स्टॅम्प पेपरवर लिहून दे, तिची जागा गेली की माझा नंबर लागतो. मी नाही म्हटलं नव्हतं. विचार करते म्हटलं होतं. तेवढ्यावर तू दार आपटलंस. स्टॅम्प पेपरने काय होतं आणि काय होत नाही हे मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं आहे, पण ते राहू दे.

तारखांचं म्हणशील तर तो सगळा कारभार तेव्हाचे मुख्याध्यापक मनोहरराव बघायचे. पोरांची नावं आणि जन्मतारखा लिहायचं दाखल-खारीज रजिस्टर त्यांच्याच कपाटात असायचं. ते वारून सहा वर्षं झाली. आता त्यांना काय विचारणार?

यादी लागली त्या संध्याकाळी माया पेढे घेऊन आली होती. तुझ्यासाठी वेगळे चार आणले होते. धम्मू वेटिंगला पहिला म्हणजे त्याचं झालंच समजा, असं तीच मला समजावत होती. तू कुठे आहेस म्हणून विचारलं. मी सांगितलं, काटोलला चांगलं काम मिळालं, तातडीने बोलावलं. तिला खरं वाटलं. तिला माझं सगळंच खरं वाटतं.

पित्ताच्या गोळ्या इथेच विसरलास. त्या भागातलं कोणी जाणारं भेटलं तर पाठवते. नाहीतर तिथे घे, पण रिकाम्या पोटी चहा पीत बसू नकोस.

आई


जरीपटका
२२ ऑगस्ट

धम्मानंद,

पत्राचं उत्तर आलं नाही, पण तुझा मजकूर आला. विक्कीच्या मोबाइलवर. वर 'प्रतिज्ञापत्र', मध्ये मेघाचं नाव, खाली माझं नाव आणि सहीची जागा. शेवटी एक ओळ, की २ सप्टेंबरला तिचं कागदपत्रांचं व्हेरिफिकेशन आहे, त्याच्या आत सही कर. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं आहे. माझ्या हाताखाली चार वर्षं शिकलास आणि आईच्या नावावर असं लिहितोस.

विक्कीने स्टॅम्प पेपरही आणून दिला. कपाटात ठेवला आहे. त्या पोराच्या पोटात काही राहत नाही हे तुला माहीत होतं, तरी त्याच्याच हाती पाठवलंस.

काल मी शाळेत गेले होते. आता पटावर एकोणतीस पोरं उरली आहेत आणि खिचडीच्या खोलीत जुनी रजिस्टरं रचून ठेवली आहेत. नवीन मॅडम भली आहे. तिने मला खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि २००३ चं रजिस्टर फडक्याने पुसून समोर ठेवलं.

मनोहररावांचं नाव मी उगाच घेतलं. पानाखाली त्यांची नुसती सही आहे. तारखा माझ्या अक्षरात आहेत. तुझी आणि मेघाचीही. मला हे आधीच माहीत होतं. शाळेत जाऊन बघायची काही गरज नव्हती. पण मनात कुठेतरी होतं की इतक्या वर्षांत माझ्या आठवणीत काही गडबड झाली असेल. नाही झाली.

त्या वेळी हे सगळीकडेच चालायचं. नाव घालायला आलेला बाप पोराचं नाव सांगायच्या आधी विचारायचा, मॅडम, वय जरासं कमी लागते ना? सरकारी नोकरीच्या वयाची मर्यादा लोकांना पोरगं पहिलीत घालताना दिसत असायची. आम्हीही लावायचो. त्यात पाप आहे असं कोणाला वाटत नव्हतं, मलाही नाही. आणि ज्यांची तारीखच माहीत नसे किंवा खरी तारीख वयात बसत नसे त्यांना १ जून. आमची अर्धी शाळा १ जूनला जन्मलेली होती.

तुझे बाबा रेल्वेत खलाशी व्हायचे राहिले ते वय चार महिन्यांनी उलटलं म्हणून. हे तुला त्यांनी कधी सांगितलं नाही, पुढे बावीस वर्षं कामठी रोडवर ऑटो चालवला आणि शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुझं नाव घालायच्या दिवशी ते मला म्हणाले होते, "एक वर्ष कमी लाव वं तारा. माझ्यावानी चार महिन्यानं नको हुकाले पोराचं." मी लावलं. तुझ्या बाबांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला फार आठवत नाही, त्यामुळे तेव्हा नाही म्हणणं सुचलंच नाही.

मेघाचं वेगळं होतं. माया तेव्हा आपल्या शाळेत खिचडी शिजवायची. नवरा सोडून गेला होता. पोरीला घरी ठेवायला कोणी नाही, म्हणून ती चुलीजवळ पोत्यावर बसून असायची. एक दिवस खिचडीच्या मोठ्या गंजातलं उकळतं पाणी तिच्या पायावर सांडलं. ती खूण अजून आहे, तू पाहिली आहेस. पहिलीत घ्यायला तिचं वय भरत नव्हतं, ते मी रजिस्टरात भरलं. १ जून १९९७ लिहिलं आणि तिला चुलीपासून उचलून माझ्या वर्गात आणून बसवलं. तुझ्याच बाकावर.

म्हणजे तुझं वय मी कमी केलं आणि तिचं वाढवलं, एकाच दिवशी, एकाच पेनाने. एवढ्या वर्षांनी रेल्वे तुम्हाला एकाच जागेसमोर उभं करेल आणि तुमच्यात मोठं कोण असं विचारेल, हे कोणाच्या डोक्यात येणार होतं?

मी खरं लिहून द्यायचं तर दोन्ही तारखांबद्दल लिहावं लागेल. तुझ्या मजकुरात फक्त मेघा आहे.

तू थकला आहेस हे मला दिसतं. बुटीबोरीत अकरा महिने, हिंगण्याला सहा महिने, ठेकेदार बदलला की पुन्हा नवा गेट पास आणि पुन्हा हेल्पर म्हणून सुरुवात. अप्रेंटिस म्हणजे तरी कुठे नोकरी आहे? वर्षभर मोतीबागच्या वर्कशॉपमध्ये काम शिकायचं, सर्टिफिकेट घ्यायचं, मग ग्रुप डीच्या शंभरातल्या वीस जागा अप्रेंटिसवाल्यांसाठी राखून ठेवलेल्या, आणि त्यालाही परीक्षा. तरी ते पर्मनंटच्या रस्त्याला लागणं आहे. आणि यात तू जास्त मेहनत करून पुढे जाशील असंही नाही, कारण सोळाव्या वर्षी मिळालेले दहावीचे मार्क आता वाढत नाहीत. दरवर्षी तेच मार्क घेऊन तोच फॉर्म भरायचा आणि ह्या वेळी यादी आपल्यापर्यंत खाली येते का हे बघत बसायचं. मी तुझ्या जागी असते तर मीही ओरडले असते, बहुतेक.

पण सही अजून केलेली नाही.

आई


जरीपटका
२९ ऑगस्ट

धम्मानंद,

आज थोडक्यात लिहिते.

काल मेघा आली होती. ती काम करते त्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून तशीच आली, हाताला वार्निशचा वास होता. तू माझ्याकडून काय लिहून घेणार आहेस ते विक्कीने तिला सांगितलं. सांगणारच होता. ती म्हणाली, २ तारखेला ती व्हेरिफिकेशनला जाणार नाही. ती गैरहजर राहिली की वेटिंगच्या पहिल्याला बोलावतात.

म्हणजे आता माझी सही लागणार नाही. तुला फोन येईल. मोबाइल चार्ज करून ठेव, आणि निदान रेल्वेचा नंबर ब्लॉक करू नकोस. दहावीचं सर्टिफिकेट, आयटीआयचं, जातीचं, सगळी ओरिजिनल इथेच आहेत. मी दोन-दोन झेरॉक्स काढून फाइलमध्ये लावून ठेवली आहेत. मेडिकल सर्टिफिकेट तेवढं तिथल्या सरकारी डॉक्टरकडून आणून ठेव.

मेघाने त्याआधी मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मला येत होतं.

मायाला यातलं काही माहीत नाही. ती काल तुझ्यासाठी कारल्याची भाजी देऊन गेली, काटोलला कोणी जाणारं असेल तर पाठवा म्हणून. मी ठेवून घेतली. मला जेवण जात नाही, भाजी तशीच पडून आहे.

तुला आनंद झाला असेल. होऊ दे.

आई


जरीपटका
४ सप्टेंबर

धम्मानंद,

मंगळवारी तू दिवसभर मोबाइल हातात धरून बसला असशील. काल आणि आजही. तो फोन येणार नाही. मेघा व्हेरिफिकेशनला गेली. मीच तिला पाठवलं.

मागच्या पत्रात मी तुला सगळं लिहिलं नव्हतं. आता लिहिते.

त्या दिवशी मेघा दारातच उभी राहिली होती, आत ये म्हटलं तरी आली नाही. म्हणाली, "मॅडम, एक विचारू का? तुम्ही लिहून देलं तर माझी दहावी कॅन्सल होते का?"

ती घाबरली होती. तिला वाटत होतं की पहिलीची तारीख खोटी ठरली की तिच्यावर उभं असलेलं सगळंच खोटं ठरेल, दहावी जाईल, आयटीआय जाईल, वर केस होईल. मी बोलले नाही. मग तिची तीच म्हणाली, "मंग मी नाहीच जात. मी गेली नाही तर धम्मूचा नंबर लागते. आईले नका सांगू."

मी नुसती मान हलवली.

आता ऐक. दहावीच्या सर्टिफिकेटवर छापून आलेली तारीख ही शेवटची असते. नोकरीत तीच धरतात. पहिलीच्या रजिस्टरात कोणी काय लिहिलं होतं आणि आता कोणती रिटायर मास्तरीण स्टॅम्प पेपरवर काय म्हणते, याला कोणी विचारत नाही. दहावीनंतर खरी तारीख लावून घ्यायला आलेले कितीतरी बाप मी शाळेच्या ऑफिसातून परत गेलेले पाहिले आहेत. म्हणजे तू मागत होतास त्या सहीने काही झालं नसतं. हे मला यादी लागली त्या सोमवारी, तू ओरडत होतास तेव्हाच माहीत होतं. तुला सांगितलं नाही, कारण तू आधीच इतका खचला होतास की तुझ्याकडे तेवढी एकच आशा दिसत होती. ती मी काढून घेऊ शकले नाही. हे माझं चुकलं, पण ह्या चुकीची मला फारशी लाज वाटत नाही.

मेघाला सांगितलं नाही त्याची वाटते. "काही होत नाही, जा" एवढे चार शब्द मला बोलायचे होते. ते बोलले नाही म्हणून तिची जागा तुला मिळत होती. कोणाला काही कळलं नसतं. गुरुवारपासून मंगळवारपर्यंत मी रोज ठरवायची की आज सांगते, आणि रोज मला काहीतरी काम निघायचं. एक दिवस तर मी सगळे डबे घासून काढले. तुझी फाइल तीनदा लावली. तू वर्कशॉपच्या गणवेशात कसा दिसशील हेही मनात येऊन गेलं, खोटं कशाला सांगू.

मंगळवारी सकाळी साडेसातला माया आली. तिने सुटी घेतली होती, झेरॉक्स काढून आणल्या होत्या, पोरीचा ड्रेस इस्त्री करून ठेवला होता, आणि पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती, अंग दुखते म्हणून. माया मला म्हणाली, तुम्ही येऊन सांगा मॅडम, ती तुमचंच ऐकते.

मी चप्पल घालून निघाले. त्यांच्या घरापर्यंत चालत दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात काही ठरवलं असं मी म्हणणार नाही. मेघाला बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "ऊठ वं मेघा. दहावीच्या सर्टिफिकेटवर छापलं तेच धरतात. माझ्या लिहिल्यानं काही होत नाही. तुले कोणी काही करू शकत नाही."

ती उठून बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग मायाला सगळं सांगावं लागलं, तुझं, स्टॅम्प पेपरचं, मेघाच्या प्रश्नाचं. मायाने पोरीला आंघोळीला पाठवलं. मग माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही, मायाचा आवाज कधी चढत नाही.

"हे तुम्हाले गुरुवारीच माहीत होतं?"

मी हो म्हटलं.

"मंग पाच दिवस काहून चूप राह्यल्या मॅडम?"

तीस वर्षं पोरांना उभं करून मी हेच विचारत आले, येत होतं तर सांगितलं का नाहीस. पोरं खाली बघायची. मीही खाली बघितलं.

विक्कीने मेघाला स्कूटरवर डीआरएम ऑफिसला सोडलं. दहाच्या आत पोहोचली. चारला परत आली, कागद सगळे पास झाले, हेही विक्कीनेच येऊन सांगितलं. त्याला सांगायला लाज वाटत होती, पण राहवत नव्हतं. परवापासून माया आली नाही. उद्या शिक्षक दिन. मेघा दर वर्षी फूल घेऊन यायची, उद्या येणार नाही. यावं असं मी म्हणूही शकत नाही.

तुझ्या कागदावरच्या तारखेने पुढच्या वर्षीचा एक फॉर्म भरता येतो. खऱ्या तारखेने येत्या ऑक्टोबरातच वय संपलं असतं. तुझ्या बाबांनी मागून घेतलेलं ते वर्ष तेवढं उरलं आहे. भर असं मी म्हणत नाही. थकला असशील तर नको भरू, काटोलला काम बरं वाटत असेल तर तिथेच राहा. ओरिजिनल कागद मी रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे, ते तुझ्याजवळच असू देत. त्यासाठी तुला ह्या घरी यावं लागू नये. यावंसं वाटलं तर ये.

हे सगळं तुला विक्कीकडून कळण्याआधी मीच लिहायला हवं होतं, म्हणून आज लिहिलं. पाच दिवस तुझी जागा माझ्या हातात होती आणि मी ती दिली. रागावायचं असेल तर ह्याच्यासाठी रागाव, त्या तारखांसाठी नको. तारखा लिहिल्या तेव्हा पुढे काय होईल हे मला ठाऊक नव्हतं. मंगळवारी सकाळी मला सगळं ठाऊक होतं.

आई